अर्ध्या सेकंदाचा हुंकार

सिनेमांसाठी पॅड करून देणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. पॅड म्हणजे गाण्यामागे धुक्यासारखा पसरून राहणारा सूर. असतो तोवर कुणाच्या ध्यानात येत नाही, काढला की गाणं उघडं पडतं. या वेळी दिग्दर्शकाला झोपेत ऐकू यावा तसा सूर हवा होता. आठवडाभर डोकेफोड करूनही जमेना, तेव्हा तिने फोनमधला बाबांचा जुना निरोप काढला. बोलायच्या आधी ते "हं" करत. तेवढा अर्धा सेकंद तिने कापून घेतला.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. श्वासाचं यंत्र काढायच्या कागदावर सही तिची होती. आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

तिने हुंकार ताणला. त्याच्या चार प्रती किंचित खालीवर करून एकमेकींवर ठेवल्या, धार बोथट केली, मोठ्या दालनातला घुमारा दिला. मग कीबोर्डची एक पट्टी दाबली. भर दुपारी खोली मऊ, उबदार सुराने भरत गेली. इतकं सुंदर तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

पट्टी सोडल्यावर सूर विरत गेला. अगदी शेवटी कुणीतरी श्वास ओढला.

तिने मूळ तुकडा तपासला. एकेक थर सुटा ऐकला. श्वास कुठेच नव्हता. पुन्हा पट्टी दाबली, सोडली. या खेपेला श्वास दोनदा आला, घशात अडकत. यंत्र काढल्यावर अकरा मिनिटं तिने हाच आवाज ऐकला होता.

तिने झटकन पट्टी दाबली. घरघर थांबली.

आई दारात उभी होती. कधी आली ते कळलं नाही.

"सोडू नकोस एवढ्यात," ती म्हणाली. "बरं वाटतंय त्यांना."

पट्टीवर वजन ठेवून पाहिलं, तर सूर लगेच कापरा झाला. बोटच लागत होतं. मग दोघी पाळीपाळीने बसू लागल्या. दिग्दर्शकाचा फोन आला, तेव्हा काम अजून झालं नाही म्हणून तिने सांगितलं. ओट्यावर दूध नासून गेलं. आई पट्टीवर बोट ठेवून घरातल्या बारीकसारीक गोष्टी हळू आवाजात सांगत राही, मधेच थांबून कान देई.

तिसऱ्या दुपारी तिने विचारलं, "आई, मी सही केली ते चुकलं का गं?"

आईने सुराकडे कान दिला.

"तेच विचारतेय मी त्यांना," ती म्हणाली. "अजून सांगत नाहीत."

पाळी आईची होती. लेकीचा खुर्चीतच डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सूर चालूच होता. आई खाली, भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात मांडीत.

पट्टी दाबलेली होती.

मग शेजारची पट्टी सावकाश खाली गेली आणि सुरात दुसरा, बायकी हुंकार मिसळला.

आईचे ओठ मिटलेले होते. छाती हलत नव्हती.