डोळ्यावरचा हात

पेटीतून आईचा फोटो काढून सुनेला द्यायचा, एवढंच काम होतं. ब्रशमास्तर ते आज-उद्यावर ढकलत राहिले.

गल्लीतले सगळे त्यांना ब्रशमास्तरच म्हणत. उभा जन्म फोटो स्टुडिओत रिटचिंग करण्यात गेला. कुणाचे व्रण पुसायचे, कुणाच्या टकलावर केस उगवून द्यायचे. म्हातारपणी नजर थोडी मंदावली होती, पण हात अजून कापत नव्हता.

सून वाचनालयात कामाला होती. तिने गल्लीचं संग्रहालय करायला घेतलं होतं, तेही इंटरनेटवर. लोक घरातलं जुनंपानं आणायचे, ती त्याचं चित्र घेऊन खाली दोन ओळी लिहायची आणि वस्तू ज्याची त्याला परत. कोपऱ्यावरचा शिंपी, मास्तरांचा लहानपणचा दोस्त, आजोबांची कात्री दाखवून गेला. जाता जाता म्हणाला, "कात्री जगभर फिरणार आणि मी इथे काजं करत बसणार." रविवारी वाचनालयात मोठ्या पडद्यावर सगळ्यांना ते दाखवायचं होतं.

"बाबा, आजींचा फोटो पहिला लावणार आहे," सून म्हणाली होती. "धुलाईखान्यात इतकी माणसं राबली, पण फोटो हा एकच सापडलाय. मोठा केला की शिवणीचा टाकासुद्धा दिसेल."

टाका दिसणार म्हणजे डोळाही दिसणार.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळायची. सोड्याचं पाणी उडून तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. सुनेने आजेसासूला पाहिलेलं नव्हतं आणि मास्तरांनी घरात तो विषय कधी काढला नव्हता. फोटोत ती दारात उभी होती, दोन्ही हात खाली सोडून, पांढरा डोळा सरळ समोर रोखून.

दुपारी घरात कुणी नसताना मास्तरांनी ब्रश जिभेवर ओला केला आणि त्या पांढऱ्यात काळं बुबुळ भरलं. वर उजेडाचा ठिपका ठेवायलाही विसरले नाहीत. काम झकास जमलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, फोटो त्यांनी पालथा घातला.

"आजींचे डोळे किती सुरेख होते हो," फोटो हातात घेऊन सून म्हणाली. मास्तर नुसते "हं" म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने हाक मारली. आवाज बारीक होता.

"बाबा... आजींचा हात कुठे होता?"

टेबलावरच्या फोटोत दोन्ही हात खाली होते. संगणकाच्या पडद्यावर मात्र उजवा हात वर आला होता. तळवा डोळ्यावर, पाण्यात भिजून भिजून सुरकुतलेली बोटं कपाळावर. मशीनचीच काहीतरी भानगड असेल म्हणत सुनेने फोटो पुन्हा स्कॅन केला. हात तिथेच. खोलीत मंद वास यायला लागला होता, गरम सोड्याचा आणि ओल्या चादरींचा.

तो हात मास्तरांच्या ओळखीचा होता. लहानपणी आई कामावरून आली की मागून हळूच त्यांचे डोळे झाकायची. बोटं गार असायची. कोण आहे ते ओळखायचं. एकदा शाळेच्या दाराशी, दोस्तांसमोर, ते तिच्या डोळ्याला हसतील म्हणून त्यांनी तो हात झटकला होता. तेव्हापासून दोस्त घरी आले की ती आपल्याच डोळ्यावर तळवा धरून त्यांच्याशी बोलायची.

"बाबा, त्या डोळ्याला काही झालं होतं का?"

"फूल होतं..." मास्तर म्हणाले. "मी रंगवलं."

सुनेने वाटीत पाणी आणलं, कापूस आणला आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. "मी नाही पुसणार," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही पुसा."

मास्तरांनी पुसलं. रंग सहज निघाला. मग सुनेने फोटो पुन्हा स्कॅन केला आणि पडद्यावर आई ओळीओळीने उतरत आली. आधी केस, मग कपाळ, मग तो पांढरा डोळा, उघडा. हात खाली. मास्तरांनी सुनेला फोटोखालची ओळ सांगितली: हिचा उजवा डोळा कामावर गेला.

रविवारी वाचनालयातले दिवे मालवले आणि आई पडदाभर मोठी झाली. शेजारी बसलेला शिंपी बराच वेळ बघत राहिला.

"अरे, आमच्याशी डोळा झाकून बोलायची," तो हलकेच म्हणाला. "आम्हाला वाटायचं, डोळा दुखत असेल. मी एकदा घरून औषधाची बाटली चोरून आणली होती तिला द्यायला... देऊ की नको करत तशीच परत नेली."

मास्तरांना मान वर करवेना. म्हणजे कुणीच हसत नव्हतं. जे काही होतं ते त्यांच्याच मनात होतं.

तेवढ्यात मागून बोटं आली. गार, ओली. या वेळी एकाच डोळ्यावर, उजव्या. मास्तर हलले नाहीत. त्यांनी हात झटकला नाही.

"आई," ते पुटपुटले.

बोटं बराच वेळ तशीच होती. मग दिवे लागले. मास्तरांच्या खुर्चीमागे भिंत होती, माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती.

चष्म्याची उजवी काच धुरकट झाली होती. त्यांनी ती सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली. काच लख्ख झाली, पण उजवीकडे सगळं पांढरंच राहिलं.

"हे आमचे बाबा," म्हणत सून चार माणसांना घेऊन हसत त्यांच्याकडे यायला लागली. आणि मास्तरांचा उजवा तळवा, त्यांनी न उचलता, डोळ्यावर गेला. तळव्याला सोड्याचा वास येत होता.