हत्तीच्या कानामागचा अंगठा

फोटोतल्या हत्तीच्या कानामागे डोकावता येतं का? मी मान दुखेपर्यंत वाकडी करून पाहिली. नाही येत!

आणि खरी गंमत तर तिथंच होती. शाळेची बाग खणताना मला भाजलेल्या मातीचा लिंबाएवढा हत्ती सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीचा! त्याच्या कानामागे घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. इवलासा. ती माझ्याहून लहान मुलगीच असणार, हे मी ठरवूनच टाकलं. पण उद्या सकाळी हत्ती संग्रहालयात जाणार आणि शाळेला उरणार नुसता फोटो.

"मग होलोग्राम करू," दाजीआजोबा म्हणाले. आजोबांचा जन्म लेझरच्या प्रयोगशाळेत गेलाय. "त्यासाठीच्या, प्रकाश टिपणाऱ्या काचा मात्र दोनच उरल्यात हं, मंजुळे."

शाळेसमोरून ट्रक धावतात, भिंती थरथरतात. म्हणून अंधार पडल्यावर आम्ही गावामागच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) गेलो. सामान आमच्या गोट्या यंत्रमानवाच्या पाठीवर.

कातळावर हत्ती जरा तिरका ठेवला, पुढ्यात तळहाताएवढी काच, समोर लेझर. आजोबांनी कातळातल्या पाण्याच्या डबक्यात दोन खडे टाकले.

"दोन लाटा भेटल्या की कशी नक्षी होते बघ. लेझरचा प्रकाश काचेतून जातो, ती पहिली लाट. हत्तीवर आपटून परत येतो, ती दुसरी. त्यांची नक्षी (व्यतिकरण) काच टिपून ठेवते. फोटोला फक्त कळतं, प्रकाश किती आला. या नक्षीला तो कुठून आला तेही कळतं."

"आणि काही हललं तर?"

"केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकं हललं, तरी नक्षी पुसली! गोट्या, तू बंद हो. तुझा पंखा घरघरतो."

"मी श्वास रोखून धरतो," गोट्या म्हणाला.

"तुला श्वास आहे कुठे रे?" म्हणत मी त्याचं बटण दाबलं.

लेझरपुढचा काळा पुठ्ठा वीस सेकंद उचलायचा, एवढंच माझं काम. उचलला, ठेवला. काच पाहिली, तर कोरी!

आजोबांनी नाक फेंदारलं. "हा वास कसला गं?"

"डासांची उदबत्ती... हत्तीवर डास बसून तो हलू नये, म्हणून मी त्याच्या शेजारीच लावली."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजोबा तर हसत सुटले! "अगं, तापलेली हवा वर चढते, गार हवा तिच्या जागी येते. उन्हात रस्त्यावरची हवा नाचते ना? तशीच इथे नाचली, आणि प्रकाशाची वाटही तिच्याबरोबर."

उदबत्ती विझवली. सगळं स्थिर व्हायला पाच मिनिटं थांबलो. डबक्यातले सगळे डास जेवायला आले.

शेवटची काच.

"उचल!"

एक, दोन, तीन... सातव्या सेकंदाला एक डास माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसला. चावला. हात शिवशिवला, डोळ्यांत पाणी आलं. पण मी कातळ झाले होते. अठरा, एकोणीस, वीस!

आजोबांनी हत्ती डब्यात ठेवला आणि काचेवर टॉर्च मारला. काचेमागे रिकाम्या हवेत हत्ती उभा! मी मान हळूच कलती केली. कान बाजूला सरकला... आणि मागे तो इवलासा अंगठा!

मी किंचाळतच गोट्याचं बटण दाबलं.

"आता श्वास सोडू?" त्यानं विचारलं.

काचेला मी ओल्या मातीची चौकट केलीय. खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा दाबलाय. आणखी दोन हजार वर्षांनी कुणीतरी मान वाकडी करून बघेलच की!