नाभीखांबावरची केळी

घर जागेवर

"डावीकडे! बासो, डावीकडे म्हणजे तुझा दुसरा हात!"

उलटी केलेली बांबूची बाज नदीकाठच्या वाटेने चालली होती. मुलांच्या खेळात बाज म्हणजे घर. पुढे तेन्री, मागे मकास्सरहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ बासो, आणि मधे तेन्रीची धाकटी बहीण रन्नू. रन्नूची उंची पुरत नव्हती, म्हणून ती नुसतेच हात वर करून चालत होती.

ही सकाळची तालीम. खरं घर दुपारच्या नमाजानंतर निघणार होतं. तेन्रीचं घर. खालची जमीन बद्दूकाकाची, वरचं घर आईचं. नदीने काकाची जमीन कुरतडत पार खांबांपर्यंत आणली, तेव्हा आईने चढावरची आपल्या वाट्याची जागा साफ करून घेतली. बाबा बोटीवर, दूर. गावातले पुरुष खांबांना बांबू बांधणार, घर खांद्यावर घेणार आणि तिकडे नेऊन ठेवणार. आमच्याकडे घरं अशीच जातात. भांडी, तांदूळ, आरसा आधी उतरवायचा. बाकी घर अख्खं.

बाज चिंचेखाली आली आणि पावलांचा आवाज बदलला.

धप. धप. धप. ढम.

तिघं थांबली. रन्नूने मुद्दाम उडी मारली. ढम. बासोला मातीत एक भेग दिसली. त्याने तिच्यातून खडा टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून पाणी वाजलं.

तेन्रीला आठवलं, इथे जुनी विहीर होती. पण ती तर बद्दूकाकाने दगड टाकून बुजवली होती. तसं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बासोने हाताने माती सारली. मातीखाली चटई. चटईखाली आडवे बांबू. दगड एकही नव्हता.

याच वाटेने गावातले बाप, काका, भाऊ घर घेऊन येणार होते. आणि घर कधी रिकामं प्रवास करत नाही. घरातली मोठी मुलगी आत, मधल्या नाभीखांबाशी बसते. म्हणजे तेन्री.

"मग तर घर ——" रन्नू म्हणाली. तेन्रीने चटकन तिचं तोंड दाबलं.

ही रेघ कशाची, ते सांगतो. घर हलवायच्या दिवशी खाली येण्याचे, तुकडे होण्याचे, जिवावर बेतण्याचे शब्द कुणी काढायचे नाहीत. घर ऐकतं आणि मनावर घेतं. ते नव्या जागी बसेपर्यंत मीही ते शब्द लिहिणार नाही.

घर जागेवर, अजून

आई बायकांबरोबर केळीच्या पानांत केळ्यांचं गोड सारण बांधून बारोंगको करत होती. विहिरीचं नाव ऐकून ती म्हणाली, बुजवलीय ती. तेन्री म्हणाली, बुजवलेली नाही, वरून नुसते बांबू आहेत.

"त्यावरून एवढं ओझं गेलं तर सगळे ——"

आईचा ओला हात तिच्या ओठांवर आला.

"आज नाही, बाळा. माझ्याकडे हे एवढं एकच आहे. आज एक शब्द नाही."

बद्दूकाका बांबूंना वेताच्या गाठी मारत होता. त्याला बघून बासोने सरळ विचारलं, विहिरीत टाकलंत काय?

"आले, शहरातले साहेब आले!" काका मोठ्याने हसला आणि मान वळवून गाठ आवळू लागला. आवळता आवळता एवढंच पुटपुटला, की तिच्यावरून बकऱ्या रोज जातात, तुझं काय जातंय. दगड तो नंतर आणणारच होता. त्याला मनापासून वाटत होतं, काही होत नाही.

राहिले घरं हलवण्यातले जाणते, पुआंग साद्दांग. गावातलं प्रत्येक घर त्यांच्या हुकमाने उठतं. पण त्यांनी काठी उचलली, की वाटेबद्दल वाकडं बोलायची कुणाला परवानगी नसते. मुलं धावत पोचली, तेव्हा काठी उचललेली होती.

"आपण बोलायचं नाही ना," तेन्री हळूच म्हणाली. "मग घरालाच बोलू दे."

नाभीखांब म्हणजे घराची बेंबी. त्याला पिकल्या केळ्यांचा घड वेताने बांधलेला असतो. घर उचलण्याआधीच तो घड खाली आला, तर त्या वर्षी घर हलत नाही, आणि नदी वर्षभर थांबणार नव्हती. वाटेत खाली आला, तर घर तिथल्या तिथे टेकवायचं आणि पुआंगनी पुढची जमीन तपासायची.

म्हणजे घड वाटेतच उतरायला हवा. चिंचेच्या अलीकडे.

बासोने खूण करायला अंगातला लाल शर्ट काढला आणि तो चिंचेकडे पळत सुटला.

घर खांद्यांवर

काठी खाली.

हेय्या!

जमीन तेन्रीपासून दूर गेली. भिंती करकरल्या. फळ्यांच्या फटींतून तिला नुसत्या टोप्या आणि खांदे दिसत होते.

हेय्या!

सुरी नव्हती. फिरत्या घरात पातं ठेवत नाहीत. तिने गाठीला नखं लावली. गाठ बद्दूकाकाने मारली होती. आयुष्यात एकच काम त्याने पक्कं केलं होतं, ते हे.

हेय्या!

खिडकीत गोठा. खिडकीत केळीची बाग. घर डावीकडे कललं आणि ती घरंगळत भिंतीला लागली. परत खांबाशी. दात लावले. वेत कडू, टणक.

हेय्या!

खिडकीत लाल शर्ट. बासो दोन्ही हातांनी तो फिरवत होता. कुणीतरी त्याच्यावर खेकसत होतं, बाजूला हो म्हणून. रन्नू वाटेच्या मधोमध बसली होती. तिला उचलून बाजूला ठेवलं. ती परत येऊन बसली.

वेताचा एक पदर सुटला. दुसरा सुटेना. घरावर चिंचेची सावली आली.

तेन्रीने दोन्ही पाय खांबाला लावले, घडाला मिठी मारली आणि मागे झोकून दिलं.

घर अधांतरी

घड फळ्यांवर आपटला. पिकलेली केळी फटींतून खाली, टोप्यांवर, खांद्यांवर, बद्दूकाकाच्या मानेवर.

हेय्या बंद झालं.

"टेकवा," पुआंग म्हणाले.

खांब जमिनीला लागले. पुआंग एकटे पुढे गेले. रन्नू अजून वाटेत बसलेली होती. तिला त्यांनी हात धरून उठवलं आणि ती बसली होती तिथे काठी रोवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. पाठोपाठ चटई गेली, बांबू गेले, आणि पुढच्या खांबासमोर एक काळं तोंड उघडलं. कडेची माती पाण्यात आदळत राहिली. घर खांद्यांवर घेऊन आलेले सगळे ते ऐकत उभे होते.

बद्दूकाका खाली बसला. मानेवरचं केळं पुसायचंही त्याला सुचलं नाही.

घर जमिनीवर

पुरुषांनी रांग धरून नदीतले दगड वर आणले. सगळ्यात मोठे बद्दूकाका आणत होता आणि कुणाकडे बघत नव्हता. विहीर काठोकाठ भरली, पुआंगनी तिच्यावर स्वतः उड्या मारून पाहिल्या, आणि उन्हं उतरायच्या आत घर चढावर जाऊन बसलं.

मग पुआंगनी घडाचा वेत मागितला. तो फिरवून फिरवून पाहिला.

"याच्यावर दात उमटलेत."

तेन्रीने मान खाली घातली. आई तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि सकाळी काय झालं ते तिनेच सांगितलं.

पुआंग सगळ्यांकडे वळले. "ही पोरं सकाळपासून सांगत होती. आपण त्यांची तोंडं दाबली. तेव्हा आता मी सांगतो, नीट ऐका. घर पडलं असतं. मोडलं असतं. माणसं मेली असती."

कुणी हललं नाही. घरही.

त्यांनी आपली काठी तेन्रीच्या हातात दिली. इथून पुढे आधी मुलांची बाज वाटेने जाईल, ते म्हणाले, आणि मुलं काय म्हणतात ते मी स्वतः ऐकेन. मगच घर उठेल.

आईने तेन्रीचा ओठ पदराने पुसला, वेताने कापला होता तिथे, आणि पहिलं बारोंगको तिला दिलं.

बद्दूकाका घुटमळत मुलांजवळ आला. पुढच्या खेपेला बाज उचलायला मला घ्याल का, त्याने विचारलं.

रन्नूने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"घेऊ," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांच्या पुढे चालायचं."