उष्टी फुलं

प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या पडद्यावर सोनदऱ्याचा डोंगर कारवीच्या फुलांनी जांभळा दिसत होता, आणि त्या जांभळ्यावर एकही ठिपका टिकत नव्हता. एकेक ठिपका म्हणजे एकेक यंत्रमाशी. खाली काकडी-भोपळ्याच्या मळ्यांवर त्यांची लगबग चालली होती. कारवीच्या उतारावर मात्र सोडलेली प्रत्येक यंत्रमाशी फुलाजवळ जायची, घुटमळायची आणि माघारी फिरायची. परागण केंद्राची प्रमुख हेमांगी दातार सकाळपासून हे बघत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

खोऱ्यातल्या मधमाश्या संपल्याला सहा वर्षं झाली होती. पराग फुलाफुलांवर पोचवायचं काम तेव्हापासून या यंत्रांकडे आलं. पण ती जायची मळ्यांत आणि बागांत. रानाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. करवंदीच्या जाळ्या विरळ झाल्या, तोरणाची झुडपं दिसेनाशी झाली आणि त्यांच्या मुळांनी धरलेली माती सुटायला लागली. आता सोनदरा गावावरचा उतार एकट्या कारवीने धरून ठेवला होता. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. यंदा बी धरलं नाही तर पुढे कारवी नाही, आणि कारवी नसली की डोंगर गावावर येणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. सरपंच हिराबाई भांगरे यांनी हेमांगीला सरळच विचारलं होतं, "बाई, राहायचं का जायचं, तेवढं सांगा." यंत्रांच्या भरवशावर हेमांगीने 'राहा' म्हणून सांगून टाकलं होतं.

"यंत्रं बिघडलेली नाहीत," यंत्रविभागाचा अस्लम तडवी म्हणाला. "सगळ्यांचा एकच निरोप येतोय. फूल उष्टं आहे."

हा शब्द हेमांगीनेच दिलेला. मधमाशी फुलावर बसली की तिच्या पायांचा सूक्ष्म वास फुलाला लागतो. मागून येणारी माशी तो पादगंध ओळखते आणि रिकाम्या फुलावर वेळ घालवत नाही. यंत्रमाश्याही तसाच गंध सोडत आणि ओळखत. जेवून उठलेल्याच्या पानावर आपण दुसऱ्याला बसवत नाही, म्हणून हा उष्ट्याचा नियम, असं तिने एकदा गमतीत म्हटलं आणि केंद्रात तेच नाव रूढ झालं.

"पण कारवीवर आपली यंत्रं कधी बसलीच नाहीत," ती म्हणाली. "मग उष्टं केलं कोणी?"

"कोणीच नाही. कारवीचा मूळ वासच पादगंधासारखा असणार. संवेदक फसतायत."

अस्लमने तोडगाही काढून ठेवला होता. कारवीपुरता नियम पुसायचा आणि सगळ्या पेट्यांतल्या यंत्रमाश्या एकदम उतारावर सोडायच्या. फुलं जेमतेम आठवडाभर टिकणार होती. त्याचं म्हणणं बिनतोड होतं आणि म्हणूनच हेमांगीला ते तपासून बघावंसं वाटलं. फुलाचा मूळ वासच तसा असेल, तर कळीपासून झाकलेलं फूलही यंत्राला उष्टंच वाटायला हवं. उद्या सकाळपर्यंत थांब, असं ती म्हणाली. अस्लम थांबला, पण तोंड वाकडं करूनच.

संध्याकाळी तिने काही फांद्यांवरच्या कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच, रात्री दिव्याखाली भारून ठेवलेली एक यंत्रमाशी डबीत घेऊन, ती पुन्हा डोंगर चढली. यंत्रमाश्या उन्हावर चालतात, त्यामुळे ऊन वर आल्याशिवाय केंद्रातलं कोणी डोंगराकडे फिरकत नसे. इतक्या वर्षांत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

वर पोचली तर धुक्यात सगळा उतार गुणगुणत होता. हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथूनच फोन लावला.

"अस्लम, मला न विचारता यंत्रं सोडलीस?"

"मॅडम, पेट्या माझ्यासमोर बंद आहेत. ऊन कुठं आलंय अजून?"

ती काही बोलणार तोच मनगटावर चटका बसला. कातडीत एक बारीक काटा रुतला होता आणि शेजारी एक तपकिरी माशी धडपडत होती. यंत्रमाशीला काटा नसतो. तो बसवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. लहानपणी परसात ओळख झालेली ती आग हेमांगीला लगेच आठवली. तिला रडूही आलं आणि हसूही. चावलेली मधमाशी जगत नाही, याचं मात्र तिला फार वाईट वाटलं.

तरीही तिने प्रयोग पुरा केला. पिशवी सोडली, डबी उघडली. यंत्रमाशी त्या झाकलेल्या फुलावर जाऊन बिनदिक्कत बसली. शेजारच्या उघड्या फुलापाशी घुटमळून माघारी फिरली. यंत्रं एकदाही चुकली नव्हती. कड्यापलीकडच्या दरीत, जिथे कोणी शेती केली नाही, तिथे एखाददुसरं पोळं टिकलं असावं आणि तिथल्या मधमाश्या ऊन वर यायच्या आत फुलं उरकून परतत असाव्यात. यंत्रं त्यांचीच खबर आणत होती, आणि केंद्राला तो बिघाड वाटत होता. नियम पुसला असता तर हजारो धातूची अंगं या मूठभर जिवांवर तुटून पडली असती.

फोनवर अस्लम केव्हाचा विचारत होता, झालंय काय, पेट्या तयार ठेवू का.

"एकही उघडू नकोस," हेमांगी म्हणाली. "घरची माणसं जेवायला बसलीत. आणि हिराबाईंना कळव, राहायचं."