रिलीव्हर आला नाही

ही गोष्ट खरी आहे. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे.

खाली कमेंटमध्ये "ताई, छान रचलंय" असं लिहायचं असेल तर आत्ताच पुढे सरका. मला कौतुक नको, आणि कीव तर अजिबात नको.

आणखी एक. इथल्या सगळ्या गोष्टी मध्यरात्री घडतात. ही भर दुपारी घडली. मंगळवार, चार वाजून सात मिनिटं. बाहेर ऊन होतं, पंखे चालू होते, खोलीत आम्ही सहा माणसं होतो.

मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते. सव्वीस वर्षं झाली. सगळ्या कारखान्याचं काम ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर चालतं, ते म्हणजे सर्व्हर. ते बंद पडले की सगळे माझ्या नावाने शंख करतात. चालू असले की मी कोण हेही कोणाला माहीत नसतं.

यंदा कंपनीने नवी सिस्टीम आणली.

जुन्या सिस्टीमवर चित्रं होती. माउसने टिचकी मारली की काम व्हायचं. नवीत तसलं काही नाही. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. जे हवं ते आज्ञा टाइप करून मागायचं. एक अक्षर चुकलं की ती लाल अक्षरांत अंगावर येते.

आम्हा जुन्या पाच जणांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग लावला. शेवटी परीक्षा. सत्तर मार्कांना पास. नापास झालात तर निम्म्या पगारावर गेटवर बसायचं आणि पाहुण्यांचे पास लिहायचे.

मॅनेजरने हे हसत हसत सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सव्वीस वर्षं यांचे सर्व्हर डोळ्यांत तेल घालून सांभाळले आणि हा मला गेटवर बसवणार!

माझा नवरा गुडघ्याच्या दुखण्याने दोन वर्षं घरी आहे. मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष. घर माझ्यावर आहे. त्यामुळे पास व्हायचंच होतं. रोज संध्याकाळी मी भाजी चिरायची आणि मुलगी ओट्यापाशी उभी राहून पाठांतर घ्यायची.

"आई, प्रिंटर जोडायची आज्ञा?"

"थांब गं, सांगते."

"परीक्षेत 'थांब गं' चालत नाही."

एवढीशी होती तेव्हा मी हिचे पाढे घेत होते. आता ही माझे घेते.

परीक्षेसाठी आम्हाला प्रत्येकी एक जुना सर्व्हर दिला. त्याचं काम नव्या सर्व्हरवर हलवायचं आणि जुना बंद करायचा. माझ्या वाट्याला आला सात नंबर. जिन्याखालच्या कपाटात घुरघुरत पडलेला. तो काय काम करतो हे कोणालाच माहीत नव्हतं. कागदपत्रं केव्हाच गहाळ झालेली.

आमचा ट्रेनर तिशीचा असेल. मुलगा चांगला होता, पण नियमावर बोट ठेवणारा.

"मॅडम, सोपं आहे," तो म्हणाला. "त्याची नेटवर्कची तार काढा आणि दोन दिवस वाट बघा. ज्याचं काम अडेल तो ओरडत येईल. तोच त्याचा मालक. कोणी नाही ओरडलं, तर सर्व्हर भंगारात."

हसू नका. आमच्या धंद्यात हे सर्रास असंच करतात.

मंगळवारी सकाळी दहाला मी सात नंबरची तार काढली.

दिवसभर कोणी ओरडलं नाही.

आणि मग चार वाजून सात मिनिटांनी... वर्गाच्या भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

मीच उचलला.

आधी फक्त फुसफुस ऐकू आली. कुकरची शिटी व्हायच्या आधी येते तशी. मग एक पुरुषी आवाज. थकलेला, पण अदबीचा.

"ताई, चार वाजून गेले. चिठ्ठी आली नाही."

"कोणती चिठ्ठी? कुठून बोलताय?"

"बॉयलर हाऊसमधून. रिलीव्हरची चिठ्ठी हो. रोज चारला निघते. त्याशिवाय जागा सोडता येत नाही ना मला."

"बघते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि वळून म्हटलं, "चला, सापडला सातचा मालक. बॉयलर हाऊसमध्ये चिठ्ठी छापतो तो."

सगळे हसले. फक्त नाना हसले नाहीत.

नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बॉयलर हाऊस अकरा वर्षांपूर्वी बंद झालंय," ते म्हणाले. "बॉयलर कापून विकला. तिथे फोनच नाहीये."

मी टेलिफोन ऑपरेटरला विचारलं. ती म्हणाली, दुपारपासून वर्गात एकही फोन जोडलेला नाही.

मला वाटलं, कोणीतरी माझी टर उडवतंय. म्हाताऱ्या बाईला घाबरवून परीक्षेला बसूच द्यायचं नाही. मी मनात म्हटलं, उडवा. मी काही हलत नाही.

बुधवारी साडेतीनपासून मी इंटरकॉमखालीच खुर्ची टाकून बसले.

भिंतीला लागून वाफेचा जुना पाइप जातो. अकरा वर्षं कोरडा. त्यावर रंगाचे दोन हात दिलेले. चारच्या सुमारास माझा दंड त्याला लागला...

पाइप गरम होता.

चटका बसावा इतका. मी ट्रेनरला हात लावायला लावला. त्याने पटकन हात मागे घेतला आणि म्हणाला, "उन्हाने तापला असेल." त्या भिंतीवर वर्षभरात कधीच ऊन येत नाही.

चार वाजून सात मिनिटं.

फोन वाजला.

"ताई... कालपासून बसलोय. पाय सुजलेत." मागची फुसफुस आता वाढली होती. "काटा वर चाललाय. मी उठलो तर इथे बघायला कोणी नाही. पाठवा ना कोणाला तरी."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू?

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी ड्यूटीवरचा," तो म्हणाला. आणि फोन बंद.

मी नानांना जिन्यात गाठलं. "नाना, तुम्हाला काहीतरी माहीत आहे. सांगा."

नाना जिन्यावरच बसले. मग त्यांनी सांगितलं.

बॉयलरवर माणूस सतत लागतो. वाफेचा दाब वाढला तर स्फोट होतो. म्हणून नियम कडक होता. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, नेमल्याची चिठ्ठी प्रिंटरवर निघाल्याशिवाय जागा सोडायची नाही. कंपनीने एका दिवशी बॉयलर बंद करायचं ठरवलं. रिलीव्हरला निरोप गेला, उद्यापासून येऊ नकोस. पण जो आत बसला होता, त्याला कोणी सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. त्याच दिवशी प्रिंटरही अडकला होता, म्हणून चिठ्ठी निघाली नाही.

"दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला," नाना म्हणाले. "खुर्चीत बसलेला. हार्ट. डोळे दाबाच्या काट्याकडे."

"आणि सात नंबर?"

"प्रिंटर दुरुस्त झाला. चिठ्ठी रोज आपोआप निघायची, ती निघत राहिली असणार. बंद करायचं कोणाला सुचलं नाही." मग खाली बघत म्हणाले, "मीही सांगू शकलो असतो गं. मी त्या दिवशी त्याच्या दारावरून गेलो होतो."

आम्ही किल्ली घेऊन बॉयलर हाऊसमध्ये गेलो. आत बॉयलरच्या जागी नुसता चौथरा. सगळीकडे बोटभर धूळ. भिंतीला फोनचा डबा, त्यातून तुटकी तार लोंबत होती.

कोपऱ्यात प्रिंटर. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. कागद भरलेला.

अकरा वर्षं रोज एक चिठ्ठी निघत होती. चार हजारांच्या वर झाल्या. खोलीत एकही चिठ्ठी नव्हती... ना जमिनीवर, ना टोपलीत.

आणि खुर्ची. सगळ्या खोलीत फक्त खुर्चीच्या बैठकीवर धूळ नव्हती.

नाना दारातूनच मागे फिरले. मला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग जास्त आला. त्या माणसाचा नाही. ज्यांनी त्याला सांगायची तसदी घेतली नाही, त्यांचा.

गुरुवारी परीक्षा होती.

सकाळी जाऊन बघते तर ट्रेनरने सात नंबर पुसून टाकलेला. "दोन दिवस झाले मॅडम. लेखी तक्रार नाही, म्हणजे मालक नाही."

"तक्रार आली होती. फोनवर. दोनदा."

"ऑपरेटरकडे नोंद नाही." त्याने माझ्या नव्या सर्व्हरकडे बोट दाखवलं. "आणि हा स्वच्छ ठेवा. यादीत नसलेलं काहीही यावर टाकलंत तर पंधरा मार्क जातील."

मी दोन वाजता सुरुवात केली. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ. खरं सांगते, सगळं येत होतं. मुलीने घोटून घेतलं होतं. साडेतीनला यादीतलं सगळं काम संपलं. उठले असते तर सुखाने पास झाले असते.

माझ्या शेजारचा पाइप तापायला लागला होता.

माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली. नवरा आला. गेटवरची ती पत्र्याची केबिन आली.

आणि मग तो खुर्चीत बसलेला माणूस आला. म्हटलं, अकरा वर्षं सगळ्यांनी हेच केलं. आपापलं काम संपवलं आणि घरी गेले.

मी बॉयलर हाऊसचा प्रिंटर नव्या सर्व्हरला जोडला. ट्रेनर माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"मॅडम, हे यादीत नाहीये."

"माहीत आहे."

"मार्क जातील."

"कापा."

"पण कशासाठी? मालक कोण आहे याचा?"

"मी आहे. माझं नाव घाला."

मग मी चिठ्ठी टाइप केली. रोजची नाही. नवी.

"बॉयलर कायमचा बंद झाला आहे. रिलीव्हर येणार नाही, कारण आता राखायला काही उरलेलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक. तुमची ड्यूटी संपली. घरी जा."

खाली माझा हुद्दा घातला. बरोबर चारला छपाईची आज्ञा दिली.

चार वाजून सात मिनिटं झाली. नाना इंटरकॉमकडे टक लावून बघत होते.

फोन वाजला नाही.

सव्वाचारला मी पाइपाला हात लावला. तो गार झाला होता. नानांनी रुमालाने डोळे पुसले.

निकाल संध्याकाळीच लागला. एक्याऐंशी. त्यातून पंधरा वजा. सहासष्ट. नापास. नाना त्र्याहत्तर मार्क मिळवून पास झाले आणि माझ्याशी बोलताना त्यांना अवघडल्यासारखं झालं. घरी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "थांब गं, फेरपरीक्षा असेलच की." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच बॉयलर हाऊसमध्ये गेले.

माझी चिठ्ठी नव्हती. छिद्रांवरून व्यवस्थित फाडून नेलेली. खुर्चीवर पहिल्यांदाच धुळीचा हलका थर दिसला. मला फार बरं वाटलं.

निघणार, एवढ्यात प्रिंटरकडे लक्ष गेलं...

त्यात आणखी एक चिठ्ठी होती.

मी एकच पाठवली होती. ट्रेनरने नंतर माझ्यासमोर नोंदी तपासल्या. सर्व्हरवरून एकच गेली होती, चार वाजता. हिच्यावर वेळ होती चार वाजून सात मिनिटं.

तिच्यावर माझा कामगार नंबर होता. तो मी कुठेही टाइप केला नव्हता. आणि खाली एक ओळ.

"रिलीव्हर नेमलेला नाही. जागा सोडू नये."

मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले.

अकरा वाजता मॅनेजरने बोलावलं. गेटवरच्या नेमणुकीचं पत्र तयार होतं. त्याने पेन पुढे केलं, तेच हसू.

मी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"सव्वीस वर्षांचं काम आहे," मी म्हणाले. "ते माझ्याकडून लेखी ताब्यात घेणारा माणूस दाखवा. तोपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. आणि तुमच्याच नियमात फेरपरीक्षा आहे. तिला माझं नाव घाला."

त्याने चिठ्ठी वाचली. ती कोणी छापली, हे त्याने विचारलं नाही. पत्र परत खणात ठेवलं. त्याचं हसू गेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी हाच तिथे शिफ्ट इंजिनिअर होता, हे मला नंतर नानांकडून कळलं.

पुढच्या महिन्यात मला ब्याऐंशी मार्क पडले. आज नवे सर्व्हर मीच सांभाळते. काळ्या पडद्याची आता भीती वाटत नाही.

भीती दुसरीच वाटते.

तो माणूस गेला. पाइप पुन्हा कधी तापला नाही. मग ती दुसरी चिठ्ठी कोणी पाठवली? माझी बाजू घेतली म्हणायचं, की मला कामाला लावलं म्हणायचं? नाना म्हणतात, जाळून टाक. मी जाळलेली नाही. तिच्या जोरावर मी माझी जागा राखली, आता भीती वाटते म्हणून ती नाकारू कशी?

पण सहा वर्षांनी मी निवृत्त होईन. माझ्या जागी अजून कोणाला नेमलेलं नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, बघू.

मी दर महिन्याला त्याला लेखी अर्ज देते, की माझा रिलीव्हर नेमा. आत्तापर्यंत सात अर्ज झाले.

एकालाही उत्तर आलेलं नाही.