कुमुदच्या रेकॉर्डी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मयूर विहारमधला आमचा फ्लॅट, रविवार, दुपारचे चार. असलं काही फक्त रात्रीच होतं, असं मला तोवर वाटायचं.

मी विनायकची दुसरी बायको. पहिली कुमुद. ती सरकारी खात्यात फ्रेंच भाषांतरकार होती. ट्रेनिंगला पॅरिसला गेली, तेव्हा तिथल्या ऑर्केस्ट्राच्या अकरा जुन्या रेकॉर्डी घेऊन आली. सहा वर्षांपूर्वी ती गेली. रेकॉर्डी राहिल्या.

दर रविवारी चारला विनायक हॉलचं दार लोटून, सोफ्यावर डोळे मिटून त्या ऐकायचा. एक रचना इतकी लांब होती की अर्ध्यावर उठून रेकॉर्ड पलटावी लागायची. कुमुद असताना ते काम तिचं. आधी हळूच फुंकर मारून धूळ उडवायची, मग पलटायची. हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं.

एकदा मी पलटायला उठले.

"राहू दे यार, सुनीती. ओरखडा पडेल," तो म्हणाला.

मेलेल्या बाईवर काय जळायचं, असं मी स्वतःला समजावलं. पण जळत होते, खोटं कशाला बोलू? लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याने एकदा तरी मला शेजारी बसवून घ्यावं, एवढंच हवं होतं.

एका शुक्रवारी तो ऑफिसात असताना मी कबाडीवाल्याला वर बोलावलं.

"भैया, सब ले जाओ."

अकराच्या अकरा गेल्या.

रविवारी तो घर डोक्यावर घेणार, म्हणून मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून बसले.

चार वाजले...

आधी बासरी. मग व्हायोलिनं. तीच रचना, मधेमधे तीच खरखर.

मोबाइलवर लावलं असेल, म्हटलं. पण त्याचा मोबाइल माझ्यासमोर चार्जिंगला होता.

मी दार किलकिलं केलं. तो डोळे मिटून बसला होता. कपाट रिकामं. प्लेयरची तबकडी रिकामी. फिरतसुद्धा नव्हती.

अर्ध्यावर संगीत थांबलं. तो उठला नाही.

आणि मग... हळूच... एक फुंकर.

पुढचं संगीत सुरू झालं.

रेकॉर्डी कुठे गेल्या, हे त्याने विचारलंच नाही. जेवताना गुणगुणत होता. माझ्यासोबत तो इतका खूश कधीच नसतो.

मी घाबरले होतेच. पण त्याहून जास्त राग आला होता. रेकॉर्डी गेल्या तरी ही बाई जात नाही म्हणजे काय?

पुढच्या रविवारी मी आधीच प्लेयरपाशी जाऊन उभी राहिले. संगीत अर्ध्यावर थांबलं. मी वाकले आणि त्या रिकाम्या तबकडीवर फुंकर मारली.

त्याच क्षणी...

माझ्या गालाजवळून दुसरी फुंकर गेली. गार.

विनायकने डोळे उघडले नाहीत. नुसता हसला.

"आज दोघी?"

मग सोफ्यावर थोडा सरकला. शेजारी एकीपुरती जागा केली. भीती विसरून मी बसायला पुढे झाले.

गादी आधीच दबलेली होती.

अजूनही दर रविवारी चारला मी त्या दारात उभी असते. तो सरकतो, जागा करतो.

मला अजून बसायला मिळालेलं नाही.