झिंगी भ्याली तेव्हा

वच्छलानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते भांडायच्या तयारीतच.

जानेवारीची सकाळ होती. तलावावर इतकं दाट धुकं की पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, तिच्या बाबाचा डोंगा दिसत नव्हता, नुसता पाण्यात बांबू टेकवल्याचा आवाज येत होता. आणि पाळीच्या खालच्या टोकाला एक परका माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून राखेनं हात घासत होता. घासतच होता. जणू आज हात संपवूनच घरी जायचं ठरवलं होतं त्यानं.

"ओ भाऊ!" वच्छला वरून ओरडली. "ह्या पाण्यावर आमचं पोट हाये. हात धुवाले तुमाले दुसरी जागा नाई भेटली काय?"

तो दचकला, वळला. तिच्या डोईवरचं मासळीचं टोपलं, कमरेवरचा हात, चढलेल्या भुवया — सगळं त्यानं सावकाश पाहून घेतलं.

"चुकलं बाई. आता नाई धुणार. पण... एक सांगू? मले भाऊ नोको म्हणू."

"काऊन? भाऊ नाई तर काय म्हणू?"

"इस्तारी म्हण. नाव तेच हाये माह्यं."

असं म्हणून तो हसला, आणि वच्छलाला पुढचं भांडण काही केल्या आठवेना.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. राज्य बदललं म्हणून चिचटोल्यात कोणाचं काही बदललं नव्हतं. तलाव होता तिथं होता, जंगल होतं तिथं होतं आणि डाकबंगल्यावर शिकारी साहेब दर हिवाळ्यात यायचे तसे आले होते. इस्तारी त्या साहेबांच्या तांड्यातला. साहेब बार टाकायचे आणि फोटो काढून घ्यायचे. पुढची सगळी निगुती इस्तारीची. कातडं सोलायचं, चरबी खरवडायची, मीठ आणि तुरटी चोळायची, सावलीत ताणून वाळवायचं. आईबाप वच्छलाच्या घरच्यांसारखेच मासे धरणारे ढिवर होते एवढंच त्याला ठाऊक. लहानपणापासून तो या तांड्याबरोबरच वाढलेला.

"घर कुठी हाये तुमचं?" वच्छलानं नंतर विचारलं होतं.

"तंबू हाये ना. साहेब गाडतात तिथी घर."

तर दुसऱ्या दिवशी दिवस कलता कलता हा इस्तारी डाकबंगल्याच्या खानसाम्यासाठी मासे घ्यायला म्हणून वच्छलाच्या घराच्या सपरीत, पुढच्या पडवीत, आला. मासे खानसामा स्वतःही आणू शकला असता, पण ते असो. वच्छलाचा बाबा लटारू जाळं विणत बसला होता आणि त्याच्या मांडीवर झिंगी पसरली होती.

झिंगीबद्दल सांगायला हवं. ही मांजर वच्छलाच्या मायची. सुक्या झिंग्यांवर तिचा जीव, म्हणून मायनं ते नाव ठेवलं. दोन वर्षांपूर्वी माय तापानं गेली आणि लटारूची जीभच जणू तिच्याबरोबर गेली. लेकीशी तो हो-नाही एवढंच बोले. पण झिंगी मांडीवर आली की बोलायचा. आज कोणत्या कोपऱ्यात मरळ लागली, जाळं कुठं फाटलं, गुडघा कसा दुखतो... सगळं मांजरीला. वच्छला चुलीपाशी बसून ते ऐकायची. बापाचा आवाज ऐकायची तेवढीच सोय होती तिला.

आणि ही झिंगी भलती माणसाळलेली. पाटील येवो की भिकारी येवो, उठून पायात घोटाळायची. त्या संध्याकाळी मात्र इस्तारीनं सपरीत पाऊल टाकलं आणि ती ताडकन उभी राहिली. शेपूट फुगून दुप्पट झालं. एक फिस्स असा आवाज, आणि धानाच्या ढोलीवरून उडी मारून ती थेट कवेलूंच्या छपराखालच्या आढ्यावर. काही केल्या खाली येईना.

"झिंगी... ये वो माय," लटारू हाका मारत राहिला. ती तिथंच थरथरत बसली.

शेजारच्या शकुबाईनं दृष्ट लागल्याचं जाहीर केलं. मिरच्या ओवाळून झाल्या. मिरच्यांनी सगळं घर खोकलं, मांजर सोडून.

"भ्याली हाये ते," इस्तारी हलकेच म्हणाला. "मले जनावराचं थोडं समजते. म्हणसान तर... रोज येऊन पाहात जाईन."

बोलताना तो आढ्याकडे पाहत नव्हता. वच्छलानं ते टिपलं आणि उगाच पदर सारखा केला.

तो रोज येऊ लागला. दिवस मावळायच्या आधी, काम आटपून.

आणि खरंच त्याला समजत होतं. "तिले पकडाले नोको जाऊ," तो सांगायचा. "आवाज नोको करू. तिले लपाले जागा दे, मंग तेच येईन." एक बांबूचं टोपलं आडवं ठेवून त्यात त्यानं मायचं जुनं लुगडं अंथरायला लावलं. झिंगे रोज एकाच वेळी, एकाच जागी ठेवायला लावले. तो निघून गेला की झिंगी हळूच उतरायची, चार घास खायची, टोपल्यात शिरायची.

"आणि तिच्याकडे टक लावून नाई पाहायचं," तो एकदा म्हणाला. "जनावराले वाटते, हा आता झेप घेते. असं पाहायचं... मंग डोळे हळूच मिटायचे. हळूच उघडायचे. म्हणजे तिले समजते की आपण तिचे वैरी नाई."

"पाहू. कसं?"

त्यानं वच्छलाकडे पाहून डोळे मिटले. सावकाश. आणि सावकाश उघडले.

"समजलं?"

"मी काय मांजर हाये काय?" वच्छला म्हणाली. पण तिचे गाल तापले होते, आणि रात्री भाकऱ्या थापताना ती स्वतःशीच हसत होती. त्या घरात दोन वर्षांत कोणी असं हसलं नव्हतं.

आठवडा झाला असेल. इस्तारी आपला दुपट्टा सपरीतल्या खुंटीवर विसरून गेला. सकाळी झिंगी टोपल्यातून निघाली, खुंटीखाली आली... आणि तीच गत. शेपूट फुगलं, फिस्स, आढ्यावर.

वच्छला खुंटीपाशी गेली. दुपट्टा नाकाशी धरला. मीठ. तुरटी. आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, उग्र, उष्ण. मोहफुलं वेचायला गेली असताना एकदा नाल्याच्या वाटेवर तो तिच्या नाकात शिरला होता आणि सगळ्या बाया टोपल्या टाकून पळाल्या होत्या. बिबटाचा वास.

तिला सगळं लख्ख कळलं. झिंगीला दृष्ट लागली नव्हती. झिंगी इस्तारीला भीत होती.

एवढंच सांगायचं होतं. "इस्तारी, तुह्याच अंगाच्या वासानं भेते ते." तो आला नसता, मांजर चार दिवसांत बरी झाली असती, बाबा पुन्हा बोलायला लागला असता. झिंगीसाठी मांडी रिकामी ठेवून मुकाट बसलेला बाप तिला समोर दिसत होता.

पण मग तो कशाला आला असता?

संध्याकाळी तिनं दुपट्टा घडी घालून त्याच्या हातात दिला.

"विसरून गेलते."

"हो... विसरलो," तो म्हणाला. दुपट्टा खांद्यावर टाकला. "मांजर कशी हाये?"

"अजून भेते." तिनं मान खाली घातली. "यावं लागन तुमाले अजून काही दिवस."

"येईन ना," तो म्हणाला.

आणि तो येत राहिला. पळस फुलला तरी येत राहिला. झिंगीच्या बरगड्या दिसायला लागल्या. लटारू जाळं विणताना मध्येच आढ्याकडे पाहायचा, ओठ हलवायचा, आणि पुन्हा सुई चालवायचा. वच्छला ते पाहायची, आणि दर सकाळी मनाशी म्हणायची, आज सांगीन. दर संध्याकाळी पाळीवर त्याची पावलं वाजली की उद्यावर ढकलायची. इतकी वाईट नव्हती हो ती. वीस वर्षांची होती.

महाशिवरात्रीला आठ दिवस होते. त्या दिवशी इस्तारी लवकर आला, भरभर आला. साहेबाला मोठा बिबट मिळाला होता. कातडं सोलून तो तसाच निघाला होता, कारण आज त्याला लटारूशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. वच्छला पाणी आणायला आत वळली तेवढ्यात तो सपरीत चढला, आणि टोपल्याच्या तोंडाशीच उभा राहिला. आत झिंगी होती.

तिला पळायला दुसरी वाटच नव्हती. ती किंचाळत त्याच्या अंगावरूनच गेली. त्याच्या मनगटावर रक्ताच्या तीन रेघा उमटल्या. घरामागची सांदवाडी, कुंपण, पलीकडचे पळस... आणि मग काहीच दिसलं नाही.

लटारू उठला. हातात चार झिंगे घेतले आणि कुंपणाकडे गेला.

"झिंगी... झिंगी वो..."

इस्तारीला जे बोलायचं होतं ते न बोलताच तो गेला. आठही दिवस लटारू संध्याकाळी जंगलाच्या कडेनं तशाच हाका मारत फिरला. वच्छलानं कान झाकून घेतले तरी त्या ऐकू यायच्या.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेला सगळं गाव बैलगाड्यांनी गेलं. देवळात दर्शनाची रांग, काठावर दुकानं, खाली वैनगंगेच्या वाळूत माणसंच माणसं. इस्तारी तिला पाण्याच्या कडेला भेटला. त्याच्या हातात फुटाण्यांचा पुडा होता. तो दोघांनीही उघडला नाही.

"मले काही सांगायचं हाये," वच्छला म्हणाली. आणि सांगून टाकलं. दुपट्टा, वास, सगळं. "मले ठाऊक होतं, इस्तारी. आणि मी बोलली नाई. तू यायचा बंद होशीन म्हणून."

तो मनगटावरच्या खपल्यांवरून बोट फिरवत राहिला.

"मलेही ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्याच दिवशी. बैल भेतात मले, कुत्रे भेतात... मांजर नाई भेईन काय? दुसऱ्या दिवशी वाळूनं अंग घासून आलो होतो. मंग घासणं सोडलं. वाटलं, ते बरी झाली तर... मी कायले येऊ तुह्याकडे?"

प्रेमात माणसं काय काय कबूल करतात. यांनी हे केलं.

"हे काम सोडतो मी," तो घाईघाईनं म्हणाला. "उद्याच सोडतो. बाबाले मीच सांगतो, हात जोडतो—"

"नोको!" वच्छला भ्याली. खरीखुरी भ्याली. "तू सांगशीन तर त्याले समजन, की मलेही ठाऊक होतं. त्याचं एक बोलाचं माणूस होतं, इस्तारी. ते आपण त्याच्यापासून नेलं. आता त्याच्यासमोर बसून हळद लावून घेऊ काय मी?"

"मंग?"

"मंग... काही नाई. जा तू."

तो तिच्यासमोर उभा राहिला. तिच्याकडे पाहून त्यानं डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले. ती उत्तर देईल म्हणून वाट पाहिली. वच्छलानं तोंड फिरवलं. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा वाळूत नुसती गर्दी होती.

नवव्या दिवशी झिंगी परत आली.

दिवस मावळत होता. लटारू जाळं विणत बसला होता. कुंपणातून एक मळकी, हाडकुळी मांजर आली, सपरीत चढली, इकडेतिकडे हुंगलं, आणि जणू सकाळीच उठून गेली होती तशी त्याच्या मांडीवर बसली. वच्छला दारात खिळली.

"आली काय वो माय," लटारू म्हणाला. मग मांजरीकडे पाहतच, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच लेकीशी, बोलला. "ते पोरगं काम सोडून गेलं म्हणतेत. तलावावर आयकलं म्या."

वच्छलानं हातातला तांब्या खाली ठेवला. "बाबा..."

"त्याच्या अंगाले बिबटाचा वास होता, पोरी. साठ वर्षं जंगलाच्या काठी काढली म्या. आला त्याच दिवशी समजलं मले."

"मंग... मंग बोलला काऊन नाई?"

लटारूनं झिंगीच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू हासत होती ना घरात. तुही माय गेल्यावर पहिल्यांदा." त्यानं जाळं बाजूला सारलं. "मांजर काय, येते परत. म्या म्हटलं, तुहं लगन होऊन जाऊ दे."

दुसऱ्याच दिवशी लटारू डाकबंगल्यावर गेला. खानसाम्यानं सांगितलं, काल सकाळीच इस्तारीनं आपली सुरी साहेबासमोर ठेवली, राम राम केला आणि चालू लागला. कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. म्हातारा चांद्याला गेला, राजुऱ्याला गेला, जिथं जिथं शिकारी तांडे उतरायचे तिथं विचारून आला. पण इस्तारीनं वच्छलाला दिलेला शब्द पाळला होता, ते काम पुन्हा धरलंच नाही. त्यामुळे त्या कामातल्या कोणालाच त्याचा ठावठिकाणा नव्हता. त्याचं घर तंबूत होतं, आणि तंबू त्यानं सोडला होता.

वच्छला पुढं दरवर्षी मार्कंड्याला गेली. दर्शन झालं की पाण्याच्या कडेला येऊन थांबायची. सोबतच्या बाया गाडीतून हाका मारायच्या, मग निघायची.

घरी बाबा आता तिच्याशीही बोलत असे. भरपूर बोलत असे. मासे कुठं लागले, जाळं कुठं फाटलं. त्या एका गोष्टीबद्दल मात्र दोघांपैकी कोणीच पुन्हा शब्द काढला नाही.

झिंगी चांगली जाड झाली होती. संध्याकाळी चुलीपाशी येऊन वच्छलाच्या समोर बसायची. पाळीवर कोणाची पावलं वाजली तर कान टवकारायची ती झिंगी नव्हे, वच्छला. झिंगी नुसती तिच्याकडे पाहत राहायची आणि मग डोळे हळूच मिटायची. हळूच उघडायची.

वच्छलाही मग डोळे मिटायची. उघडायला तिला जरा वेळ लागायचा.